दुसऱ्या डोसच्या तारखेवरून गावात वाद पेटला तर: सभा, वही आणि सत्राचा दिवस

१ एप्रिल २०२१ ला ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडची लस खुली झाली. त्या दिवशी कोविशिल्डचा पहिला डोस घेतलेल्या माणसाची तारीख मोजून बघा. २२ मार्चच्या सूचनेनुसार दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे सहा आठवडे भरणार १३ मेला. नेमक्या त्याच दिवशी केंद्र सरकारने अंतर १२ ते १६ आठवडे केलं आणि त्याची तारीख २४ जूनवर गेली. जानेवारीत मोहीम सुरू झाली तेव्हा हेच अंतर चार ते सहा आठवडे होतं. चार महिन्यांत दोनदा तारीख बदलली की माणूस लशीवर नाही, तारीख सांगणाऱ्यावर चिडतो. आणि तारीख सांगणारी असते आशाताई किंवा उपकेंद्रातली सिस्टर. त्यांनी काहीच ठरवलेलं नसतं.

पुढच्या साथीत लस वेगळी असेल, अंतरही वेगळं असेल, पण हा वाद होणारच. सातारा-सांगलीकडचे सरपंच, भाऊसाहेब (ग्रामसेवक), आशाताई, सिस्टर आणि अशा कामात आपसूक ओढले जाणारे शाळेचे गुरुजी यांच्यासाठी हे टिपण आहे. आकडे २०२१ चे आहेत, कारण तेच तपासून बघता येतात.

आधी एक रेघ मारा

सभा बोलावण्याआधी कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे गावाच्या हातात नसलेलं: दोन डोसमधलं अंतर, लशीचा प्रकार, किती डोस येणार, कोणत्या वयोगटाला परवानगी. उजवीकडे गावाच्या हातातलं: सत्र कुठे आणि कोणत्या वाराला, टोकन कसं वाटायचं, अंथरुणाला खिळलेल्यांची सोय, कोणाचा डोस कधी आहे याची वही आणि शिल्लक साठ्याचा फलक.

गावसभा फसतात त्या बहुतेक डाव्या रकान्यावर दोन तास बोलल्यामुळे. "आम्हाला २८ दिवसांनीच पाहिजे" असा ठराव झाला, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोविनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नाव टाकलं तर ८४ दिवसांच्या आत ते उघडतच नव्हतं. असा ठराव करायला हरकत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जरूर पाठवा. पण त्याला दहा मिनिटं द्या आणि उरलेला वेळ उजव्या रकान्याला. हा कागद सभेत सगळ्यांना दिसेल असा लावा. शाळेचा फळा असेल तर उत्तम.

फळ्यावरचं गणित

अंतर का वाढवलं याची दोन उत्तरं असतात आणि लोकांना ती एकमेकांच्या विरोधातली वाटतात. एक, लस कमी पडत होती. दोन, अंतर वाढवल्याने लस जास्त चालते. दोन्ही खरी आहेत. त्यातलं पहिलं दडवून फक्त दुसरं सांगितलं की लोक ओळखतात. साताऱ्यात एप्रिल २०२१ मध्येच साठा संपून लसीकरण थांबवावं लागलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही. म्हणून साठ्यापासूनच सुरुवात करा.

दुसऱ्या उत्तराचा पुरावा असा. ऑक्सफर्डच्या चाचण्यांमध्ये (कोविशिल्ड तीच लस, पुण्यात सीरममध्ये बनलेली) दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तेव्हा परिणामकारकता ५५.१ टक्के आली, १२ आठवडे किंवा त्याहून उशिरा दिले तेव्हा ८१.३ टक्के. शेतकऱ्याला कारण समजवायला वेळ लागत नाही. पाणी दिल्यावर लगेच रानात घुसत नाही, वाफसा येऊ देतो. पहिल्या डोसनंतर शरीरातल्या आठवण ठेवणाऱ्या पेशींना तयार व्हायला असाच वेळ लागतो. मात्र हे प्रत्येक लशीला सारख्याच मापाने लावू नका. कोव्हॅक्सिन मारलेल्या विषाणूची लस, तिची चाचणीच २८ दिवसांच्या अंतराने झाली, म्हणून तिचं अंतर वाढलं नाही. "त्याला २८ आणि मला ८४ का?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच: लस वेगळी, चाचणी वेगळी.

आता फळ्यावर गणित मांडा. आठवड्याला १०० डोस येतात, बारा आठवडे, एकूण १२००. गावात लस द्यायची माणसं त्याहून जास्त आहेत.

२८ दिवसांचं अंतर ठेवलं तर पहिले चार आठवडे ४०० जणांना पहिला डोस, पुढचे चार आठवडे त्याच ४०० जणांना दुसरा, शेवटचे चार आठवडे नव्या ४०० जणांना पहिला. बाराव्या आठवड्याअखेर ४०० जणांचे दोन्ही, ४०० जणांचा एक. ८४ दिवसांचं अंतर ठेवलं तर १२०० जणांचा एक, दोन्ही कुणाचेच नाहीत.

डेल्टा विषाणूविरुद्ध ब्रिटनमधून मे २०२१ च्या अखेरीस आकडे आले: लक्षणं दिसणाऱ्या आजारापासून या लशीच्या एका डोसने ३३ टक्के संरक्षण, दोन डोसने ६०. पहिल्या पद्धतीत ४०० गुणिले ६० टक्के म्हणजे २४०, अधिक ४०० गुणिले ३३ टक्के म्हणजे १३२, एकूण ३७२. दुसऱ्या पद्धतीत १२०० गुणिले ३३ टक्के, ३९६. फरक जेमतेम. आता रुग्णालयात दाखल होण्यापासूनचं संरक्षण घ्या. जूनमध्ये आलेला आकडा एका डोसला ७१ टक्के, दोन डोसना ९२. पहिली पद्धत ३६८ अधिक २८४, म्हणजे ६५२. दुसरी पद्धत ८५२. इथे फरक मोठा पडतो. एका डोसचं संरक्षण दोन डोसच्या निम्म्याहून जास्त असेल तोवर डोस पसरवून देणं गावाच्या बेरजेत फायद्याचं ठरतं. निम्म्याच्या खाली गेलं की उलटं.

हे ढोबळ गणित आहे. डोसनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात ते यात धरलेलं नाही, माणसांचं वयही धरलेलं नाही. पण वाद नेमका कुठे आहे ते यातून दिसतं. लस न घेतलेल्याचा रुग्णालयात जायचा धोका १०० धरू. ज्याचा एक डोस झालाय तो म्हणतो, माझा धोका १०० तला २९ आहे, दुसरा मिळाला तर ८ वर येईल. त्याचं बरोबर आहे. ज्याचा एकही झालेला नाही त्याचा धोका १०० तला १०० आहे. त्याचंही बरोबर आहे. फक्त हा दुसरा माणूस सभेला आलेला नसतो. तो कारखान्याच्या अड्ड्यावर ऊस तोडत असतो, माण-आटपाडीची मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेला असतो, नाहीतर मागच्या खोलीत खाटेवर असतो. अंतराचा वाद घालायला येतात ते बहुतेक पहिला डोस मिळालेले. म्हणून सभेत एक खुर्ची या माणसाच्या वतीने बोलणाऱ्याला राखून ठेवा. आशाताई तिथे बसल्या तर उत्तम, कारण कोण राहिलंय ते त्यांना घरवार माहीत असतं.

गणित झाल्यावर हेही सांगून टाका की जाणकारांतही एकमत नव्हतं. भारताने १३ मेला अंतर वाढवलं आणि १४ मेला ब्रिटनने डेल्टा पाहून पन्नाशीपुढच्यांचं अंतर बारा आठवड्यांवरून आठवर आणलं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठ ते बारा आठवड्यांची होती. आपल्याकडच्या सल्लागार गटातल्या काही सदस्यांनी जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं की आठ ते बाराला आमचा पाठिंबा होता, बाराच्या पुढे पुरेशी माहिती नव्हती. हे लपवलं तर सभेतला एखादा मुलगा मोबाईलवर काढून दाखवतो आणि मग सिस्टरनी सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि वर दिलेले डेल्टाचे आकडे १३ मेला कुणाच्याच हातात नव्हते, हेही त्याच दमात सांगा.

सभा कधी, कुठे, कुणाची

सकाळचं दूध घालून झाल्यावर, साडेआठ ते सव्वानऊ. पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. बाजाराचा वार टाळा. तासगाव, मिरज, पलूसकडे द्राक्षाच्या छाटणीचे दिवस टाळा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तेव्हा बागायतदार येत नाही आणि मजूर तर नाहीच. साथ चालू असताना सभामंडपात दाटीवाटीने बसवू नका. शाळेचं मैदान, झाडाची सावली, दोन हातांवर माणूस. भोंगा मंदिराचा चालेल, पण मशिदीवरून आणि वाडी-वस्तीवर फिरत्या गाडीवरूनही एकच मजकूर जाऊ द्या. नाहीतर "आम्हाला कळवलंच नाही" हा नवा वाद सुरू होतो.

वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, आशाताई, भाऊसाहेब, पोलीस पाटील. गावात दोन गट असतील (नसलेलं गाव दाखवा) तर दोन्ही गटांचा एकेक माणूस आदल्या दिवशीच घरी भेटून घ्या. सभेत ते एकमेकांविरुद्ध बोलतीलच, पण निदान आकड्यांवरून नाही. प्रश्न चिठ्ठीवर घ्या. चिठ्ठीमुळे बायका विचारतात, आणि माईक हातात आल्यावर सोडत नाहीत त्यांचाही प्रश्न सुटतो. चिठ्ठ्या वाचून दाखवायला गुरुजी, उत्तर द्यायला डॉक्टर. सरपंचांनी औषधाच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, अगदी उत्तर माहीत असलं तरी.

चिठ्ठ्यांवर हमखास येणारे प्रश्न

"८४ दिवस होऊन वर महिना गेला. आता पहिल्यापासून?" नाही. पहिला डोस वाया जात नाही, जेव्हा मिळेल तेव्हा दुसरा घ्यायचा.

"मधेच कोविड झाला." बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं, मग दुसरा. मे २०२१ ची सूचना अशीच होती. तारीख पॉझिटिव्ह रिपोर्टपासून मोजायची नाही, बरं झाल्यापासून मोजायची. वहीत इथे हमखास चूक होते.

"परदेशी जाणाऱ्याला २८ दिवसांनी देता, मग मला का नाही?" जून २०२१ मध्ये शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी जाणाऱ्यांना तशी सूट मिळाली, हे खरं. हा प्रश्न न्यायालयातही गेला. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सप्टेंबरमध्ये विकत लस घेणाऱ्यांना चार आठवड्यांनी दुसरा डोस घेऊ द्यावा असा आदेश दिला, पुढे खंडपीठाने तो रद्द केला. सभेत उत्तर देताना सूट योग्य होती असं पटवत बसू नका. २८ दिवसांनी घेतलेला डोस निकामी नसतो, प्रवासाची अडचण असलेल्याला तेवढं तरी संरक्षण मिळावं म्हणून ती वाट काढली, इतकंच सांगा. ज्याला पटणार नाही त्याला पटणार नाही.

"पहिला कोविशिल्ड, दुसरा कोव्हॅक्सिन चालेल?" मुख्य दोन्ही डोस एकाच लशीचे. लस बदलून घ्यायची परवानगी पुढे फक्त बूस्टरला, ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्बेव्हॅक्सच्या रूपाने मिळाली.

"रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणे." होऊ शकतात, फार क्वचित. मे २०२१ मध्ये सरकारी समितीने सांगितलेला आकडा दहा लाख डोसमागे ०.६१ होता. "काही होत नाही" हे उत्तर देऊ नका. लक्षणं सांगा: डोसनंतर वीस दिवसांच्या आत धाप लागणं, छातीत दुखणं, हातापायाला सूज, न थांबणारी पोटदुखी, एरवी होत नाही अशी सततची डोकेदुखी, सुई टोचली तिथून दूर अंगावर लाल ठिपके. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय. पहिल्या दोन दिवसांचा साधा ताप, अंगदुखी आणि दंड दुखणं यात मोडत नाही, त्याला पॅरासिटामॉल पुरते.

वंध्यत्व, पाळी, मुलगाच होणार नाही वगैरे चिठ्ठ्याही येतील. हसू नका, नाव न घेता वाचा, "तसं होत नाही" म्हणून पुढे जा. जास्त बोललं की अफवेलाच पाय फुटतात.

वही

कोविनवर सगळं असताना वही कशाला, असं तालुक्याच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच. कोविनला माणसाचा फोन माहीत असतो, माणूस आज कुठे आहे ते माहीत नसतं.

दोनशे पानी वही घ्या. रकाने: घर क्रमांक, नाव आधारवर आहे अगदी तसं, वय, लशीचं नाव, पहिल्या डोसचा वार आणि तारीख, दुसऱ्या डोसचा वार आणि तारीख, नोंदणी झालेला मोबाईल, तो मोबाईल कुणाचा, सध्या मुक्काम कुठे. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि पुढे तेच लागतात.

तारीख मोजायची सोपी खूण: २८ म्हणजे चार आठवडे, ८४ म्हणजे बारा. दोन्हींत वार बदलत नाही. गुरुवारी पहिला घेतला तर गुरुवारीच दिवस भरतात. १ एप्रिल २०२१ गुरुवार, २४ जूनही गुरुवार. वहीतला दुसऱ्या डोसचा वार पहिल्याशी जुळत नसेल तर मोजण्यात चूक आहे, परत मोजा. आणि "तीन महिन्यांनी या" असं कधीही सांगू नका. तीन महिने कधी ९० दिवसांचे, कधी ९२ चे. वार आणि तारीख चिठ्ठीवर लिहून हातात द्या.

मोबाईलचा घोळ सगळ्यात मोठा. एका नंबरवर सुरुवातीला चारच नावं बसत होती, म्हणून सासू जावयाच्या नंबरवर, शेजारीण आशाताईंच्या नंबरवर. दुसऱ्या डोसला जावई मुंबईला, ओटीपी त्याच्या फोनवर, तो माथाडीच्या कामावर, फोन उचलत नाही. मग केंद्रावरचा मुलगा गर्दी बघून नव्या नंबरवर नव्याने नोंद करतो. आजीच्या नावावर दोन पहिले डोस आणि दुसरा एकही नाही. प्रमाणपत्र अर्धवटच राहतं. असं झालं तर पोर्टलवर तक्रारीच्या पर्यायात दोन पहिल्या डोसची प्रमाणपत्रं जोडून घ्यायची सोय होती. दोन्ही नोंदींत नाव, वय आणि ओळखपत्र सारखं असेल तरच ते सरळ होतं. म्हणूनच नाव आधारवर आहे तसं लिहायचं. "काशीबाई" आणि "काशिबाई" आपल्याला एक, संगणकाला दोन.

फिरत्या माणसांसाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं ठेवा, आत आणि बाहेर अशी दोन. आत म्हणजे गावात येणारे: बीडकडून येणारे ऊसतोड मजूर ऑक्टोबरच्या शेवटी गावाहून निघतात. गावाकडे २० ऑक्टोबरला पहिला डोस झाला असेल तर ८४ वा दिवस १२ जानेवारी, तेव्हा ते वाळवा नाहीतर कराडच्या अड्ड्यावर असतात. कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्यांची यादी असते, मुकादमाचा फोन असतो. मजुराऐवजी मुकादमाला तारीख सांगा, पण सत्र अड्ड्यावरच घ्या आणि तेही संध्याकाळी. सकाळी फडात गेलेला माणूस लशीसाठी परत येत नाही, त्याचा तोडीचा दिवस बुडतो. बाहेर म्हणजे गावातून जाणारे: विटा-आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर पसरलेले, पाटण-जावळीचे मुंबईत. ते जत्रेला आणि दिवाळीला येतात. त्यांचा पहिला डोस कुठला, कोणत्या लशीचा ते तेव्हाच विचारून ठेवा. परगावी दुसरा घेतला असेल तर प्रमाणपत्र पाहून वहीत टिक करा. नाहीतर थकीत यादीत त्यांची नावं वर्षभर फुगत राहतात आणि तालुक्याला आपलं गाव मागे दिसतं.

सत्राचा दिवस

टोकनवरून होणारं भांडण आदल्या संध्याकाळी मिटवायचं. पहाटे चारपासून रांगेत चपला मांडून ठेवायची पद्धत पडू देऊ नका. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं होतं की उपलब्ध लशीतली किमान ७० टक्के दुसऱ्या डोससाठी ठेवा. १०० डोस येणार असतील तर ७० टोकनं वहीतून, दिवस भरलेल्यांना, जुन्या तारखेपासून उतरत. ३० पहिल्या डोसची. वहीत दिवस भरलेले ५५ च निघाले तर उरलेली १५ पहिल्या डोसला द्या आणि तसं फलकावर लिहा. लिहिलं नाही तर "सरपंचाच्या घरात गेली" असं ठरतं.

व्हायल म्हणजे लशीची कुपी दहा डोसची, प्रत्येकी अर्धा मिली. मोहिमेच्या नियमाने उघडल्यापासून चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. उघडल्याची वेळ लेबलवर पेनाने लिहा, लक्षात ठेवू नका. ८७ माणसं आली तर नऊ व्हायल उघडाव्या लागतात, तीन डोस वाया जातात, म्हणजे साधारण ३.३ टक्के. हे टाळायचं तर शेवटच्या तासासाठी जवळपास राहणाऱ्या दहा जणांची राखीव यादी आणि त्यांचे फोन हाताशी ठेवा. पण तीन माणसांसाठी व्हायल उघडायची नाही म्हणून डोंगरावरून उतरून आलेल्या म्हातारीला परत पाठवू नका. ती पुन्हा येत नाही. वाया गेलेल्या सात डोसांचा हिशोब देता येतो.

कधीकधी व्हायलमध्ये थोडी जास्त लस असते आणि अकरावा डोस निघतो. पूर्ण अर्धा मिली भरला तरच द्या. दोन व्हायलमधलं उरलंसुरलं एकत्र करून डोस कधीच भरायचा नाही. कमी नासाडी दाखवायच्या नादात हे होतं, आणि एका व्हायलमध्ये शिरलेला जंतू त्याने दुसऱ्या माणसापर्यंत जातो.

थंडीची साखळी तुटते ती बहुतेक गोठण्याने. लोक उन्हाला घाबरतात, आणि सकाळी घाईत डीप फ्रीजरमधून काढलेले दगडासारखे आईसपॅक तसेच कॅरिअरमध्ये (लस न्यायच्या थंड डब्यात) कोंबतात. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. पॅक टेबलावर मांडून ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला आणि बाहेर दव सुटलं की पुसून कॅरिअरमध्ये चार बाजूंना चार. जत-आटपाडीच्या मे महिन्यात हे लवकर होतं, महाबळेश्वरच्या पावसाळ्यात बराच वेळ लागतो, म्हणून घड्याळाऐवजी कान लावा. व्हायल झिपच्या पिशवीत ठेवा, नाहीतर ओलीने लेबल सुटतं आणि बॅच नंबर जातो. कोव्हॅक्सिन एकदा गोठली की तिच्यातला ॲल्युमिनियमचा घटक गुठळी धरतो आणि लस कामातून जाते. कोविशिल्डही गोठली तर वापरायची नाही. शंका आली तर ती व्हायल बाजूला काढा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. उन्हात धरून वितळवून पुन्हा वापरू नका.

कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वस्त्यांना बामणोलीकडून लाँचने जावं लागतं. तिथे राखीव यादी उपयोगाची नाही, आधीच माणसं मोजून दहाच्या पटीत नेमा.

टोचल्यावर अर्धा तास बसवायचंच. गावात लोक पंधरा मिनिटांत उठतात, कारण जनावरं सोडायची असतात. टोकन घेताना आधारकार्ड ठेवून घ्यायची युक्ती काही जण करतात, ती करू नका, कार्ड हरवतं. बसायच्या जागी पाणी, सावली आणि भिंतीवर घड्याळ ठेवलं तर माणसं बसतात. अचानक तीव्र ॲलर्जी आली तर लागणारं ॲड्रेनालिनचं किट सिस्टरच्या हाताच्या अंतरावर हवं, कपाटात कुलपात नको, आणि त्यावरची मुदत सत्राआधी वाचायची.

पुराच्या दिवसांत

जुलै २०२१ मध्ये अंतराचा वाद तापलेला असतानाच कृष्णेला पूर आला आणि पाटणमध्ये दरडी कोसळल्या. अशा आठवड्यात दिवस भरलेल्यांच्या तारखा हुकणारच. बारा आठवड्यांऐवजी तेरा-चौदा झाले तरी सोळाच्या आतच असतात. हे आधीच सांगून ठेवलं तर पाण्यातून चालत येऊन कुणी उपकेंद्राचं दार वाजवत नाही. साठा हलवायचा निर्णय सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी यायच्या आधी घ्या. ४५ ही धोका पातळी. तोवर खालच्या भागातले रस्ते आणि वीज दोन्ही गेलेले असतात. आयएलआरचं (लस ठेवायच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजचं) झाकण वीज गेल्यावर उघडायचं नाही. उघडायचं ते एकदाच, कोल्ड बॉक्स भरून दारात उभा असताना, आणि किती व्हायल काढल्या ते तिथेच लिहून.

सभा झाल्यावर चोवीस तासांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक लागला पाहिजे. दर सत्रानंतर खडूने आकडे बदला. मजकूर एवढा पुरे:

"गुरुवार. आलेले डोस १००, कोविशिल्ड. दिले ९८, वाया २. दुसऱ्या डोसचे दिवस भरलेले ६१, त्यातले आले ५७. राहिलेले चौघे: दोघे मुंबईला, एक आजारी, एकाचा पत्ता नाही. अजून एकही डोस न झालेले २१४. पुढची लस कधी येणार ते अजून कळवलेलं नाही. कळलं की त्याच संध्याकाळी भोंग्यावर सांगू."